‘कोर्स पूर्ण करा’ सांगून भागणार नाही

आईचा युरीन कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघणारा, रिपोर्ट हातात आला आणि तो मला वाचता येत होता, हेच वाईट झालं. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही. वरून खाली आर, आर, आर, मध्येच एखादा एस, परत आर. आई 78 वर्षांची, सुदामा नगरच्या घरातून देऊळ आणि भाजीवाला सोडून फार कुठे जात नाही, ना कधी आयसीयूत राहिली ना कधी मोठं ऑपरेशन झालं, आणि तिच्या लघवीतला ई. कोलाय नावाचा जंतू मात्र असा बिलंदर की नेहमीच्या गोळ्यांना तो जुमानतच नव्हता. थंडी वाजून ताप, कमरेत कळ, म्हणजे इन्फेक्शन वर किडनीपर्यंत चढलेलं, त्यामुळे वाट बघायचीही सोय नाही. शेवटी सात दिवस रोज शिरेतून एक इंजेक्शन, कार्बापेनेम या भारी अँटिबायोटिकच्या जातीचं, दिवसाला दोन हजारांच्या आसपास. बरी झाली, आता परत सगळ्यांना ओरडते. पण त्या आरच्या रांगेत सेफिक्झिम हे अँटिबायोटिक होतं आणि तिथे माझी नजर अडकली.

कारण सेफिक्झिम मी विकलंय. 11 वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, होतो इंदूरात. दुपारी दवा बाजारात स्टॉकिस्टकडे चक्कर, मग केमिस्टच्या काउंटरला टेकून कोणता डॉक्टर काय लिहितोय त्याची चौकशी, संध्याकाळी ते रात्री दहा डॉक्टरांचे कॉल, आणि घरी येऊन रिपोर्टिंग. जून लागला की मीटिंगमध्ये मान्सून सीझनचं टार्गेट यायचं. पाऊस पडला की शेतकरी खूश आणि आम्हीही खूश, कारण पाण्याबरोबर ताप येणार, जुलाब येणार, आणि त्याबरोबर आमची स्ट्रिप जाणार. दहावर दोन फ्री अशी स्कीम मेडिकलवाल्याला, डॉक्टरला सॅम्पल आणि आठवण राहील असं काहीबाही. त्यात काही चुकतंय असं तेव्हा एकदाही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. औषध चांगलं होतं, कंपनी चांगली होती, पेशंट बरे होत होते.

आता पेशंट बरे होत होते ते औषधाने की चार दिवस उलटल्यामुळे, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. मीही नाही. बहुतेक सर्दी-ताप-घसा व्हायरसचा असतो आणि व्हायरसवर अँटिबायोटिक काही म्हणजे काही करत नाही, तो ताप आपणहून तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, गोळी दुसऱ्या दिवशी सुरू झालेली असते, श्रेय गोळीला. पुढच्या वेळी माणूस डॉक्टरकडे जातच नाही, सरळ मेडिकलवर जाऊन सांगतो, ‘भिया, वो पिछली बार वाली दे दो.’

तर मुद्दा असा. अँटिबायोटिक रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानणं, म्हटलं की आपल्याकडे एकच रेकॉर्ड वाजते. लोक अडाणी आहेत, मनाने गोळ्या घेतात, कोर्स पूर्ण करत नाहीत. दर नोव्हेंबरात 18 ते 24 तारखेला जागतिक सप्ताह असतो, तेव्हा पोस्टर लागतात, त्यावर पण हेच. मला हे आता पटत नाही. लोकांचं काहीच चुकत नाही असं नाही, चुकतं, पण ते खूप नंतरचं आहे. आपल्याकडे अँटिबायोटिक हे नुसतं औषध राहिलेलं नाही, जे जे नाहीये त्याच्या जागी ते वापरलं जातं. स्वच्छ पाणी नाही, घ्या गोळी. तपासणी महाग किंवा उशिरा, घ्या गोळी. डॉक्टरला वेळ नाही, घ्या गोळी. रजा नाही, घ्या गोळी. ही बाकीची भोकं तशीच ठेवून माणसाला ‘जबाबदारीने वागा’ म्हणणं म्हणजे फुटक्या माठाखाली बसलेल्याला ओला झालास म्हणून रागावणं.

रजेचंच बघा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नमकीनचं दुकान आहे, तिथे सेव काढणारा एक पोरगा आहे, रोजंदारीवर. त्याला ताप आला की त्याच्यापुढे दोन रस्ते. एक म्हणजे डॉक्टरची फी, मग रक्ताच्या तपासण्या, मग तीन दिवस आराम, म्हणजे फी आणि तपासणीचे पैसे गेलेच, वर तीन दिवसांचा रोज गेला, आणि मालकाने तोवर दुसरा ठेवला तर कामही गेलं. दुसरा म्हणजे मेडिकलवरून तीन गोळ्यांचं अझिथ्रोमायसिन, शंभराच्या आत, आणि सोबत एक पॅरासिटामॉल. त्याने दुसरा निवडला तर तो अडाणी कसा? मला तर तो हिशेबात माझ्यापेक्षा हुशार वाटतो. ती गोळी त्याच्यासाठी रजेचा अर्ज आहे, फरक इतकाच की तो मालकाकडे नाही, मेडिकलवर द्यावा लागतो.

आणि रोजंदारीवाल्यालाच कशाला धरायचं. आपली मराठी मंडळी घ्या, शिकलेली, बँकेत-कॉलेजात नोकऱ्या केलेली, सानंदच्या नाटकाला वेळेवर हजर राहणारी. त्यांच्या घरी फ्रिजच्या वर किंवा देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये औषधांचा डबा असतो, त्यात मागच्या वेळच्या उरलेल्या चार-पाच अँटिबायोटिक हमखास निघतात. पुण्याहून भाचा आला, शिंकला, की काकू डबा उघडते. ‘अर्धी घे, अर्धीने काही होत नाही.’ पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. 2016 मध्ये सरकारने त्या लाल रेघेची मोहीम काढली होती. दहा जणांना विचारून बघा रेघेचा अर्थ काय, मी विचारलंय, एकाने सांगितलं की कंपनीचं डिझाइन असेल.

आता थोडं जंतूंबद्दल, कारण हे नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ई. कोलायला चांगलं खायला-प्यायला मिळालं तर साधारण 20 मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणजे रात्री झोपून सकाळी उठेपर्यंत कितव्या पिढीत गेले ते मोजत बसा. इतक्या नकला काढताना चुका होतातच, आणि एखाद्या चुकीने जंतूला औषध पचवायची युक्ती सापडते. कुणी औषध तोडणारं एन्झाइम बनवतो, कुणी औषध आत आलं की पंप लावून बाहेर फेकतो, कुणी औषध जिथे चिकटायचं ती जागाच बदलून टाकतो. इथपर्यंत ठीक आहे, पण खरी गोम पुढे आहे. ही युक्ती बऱ्याचदा डीएनएच्या एका सुट्या गोल तुकड्यावर असते, प्लाझमिड म्हणतात त्याला, आणि तो तुकडा एक जंतू शेजारच्या जंतूला सरळ हातात दिल्यासारखा देऊ शकतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. जातीपाती न मानणारे, बाकी काही म्हणा. म्हणून मी घेतलेली फालतू गोळी हा माझा खाजगी मामला नसतो. माझ्या पोटातल्या बिचाऱ्या निरुपद्रवी जंतूंपैकी जे साधे ते मरतात, जे युक्तीवाले ते उरतात आणि पसरतात, ड्रेनेजमधून बाहेर जातात, आणि कधीतरी कुणाच्या तरी आईच्या लघवीत निघतात.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. पेनिसिलिन ज्याला 1928 मध्ये सापडलं त्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 साली नोबेल घेताना भाषणात सांगून ठेवलं होतं की हे औषध दुकानात कुणालाही मिळायला लागेल, लोक कमी डोस घेतील, आणि जंतू पक्के होतील. 80 वर्षं झाली त्याला.

आकडे फार देत नाही, पण दोन-चार दिल्याशिवाय राहवत नाही. 2019 मध्ये जगात 12 लाख 70 हजार माणसं थेट रेझिस्टंट जंतूंमुळे गेली असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अंदाज आहे, आणि ज्यांच्या मरणात या जंतूंचा काहीतरी हात होता ती जवळपास 50 लाख. आपल्याकडे आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था देशभरच्या मोठ्या हॉस्पिटलांतून आकडे गोळा करते, त्यात इमिपेनेमला दाद देणारे ई. कोलाय 2017 मध्ये 81 टक्के होते ते 2023 मध्ये 63 टक्क्यांवर आले. इमिपेनेम म्हणजे आईला दिलं त्याच घराण्यातलं, कपाटातल्या वरच्या फळीवरचं. सहा वर्षांत ही घसरण. आईला जे इंजेक्शन चाललं ते माझ्या म्हातारपणी मला चालेल का, असा हिशेब मी आता करतो.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे उलटी सांगितली जाते. लोकांना वाटतं भारतात जगात सगळ्यात जास्त अँटिबायोटिक खाल्ले जातात. दर माणशी बघितलं तर तसं नाहीये, बऱ्याच श्रीमंत देशांत आपल्यापेक्षा जास्त लागतात. आपलं दुखणं वेगळं आहे, आपण कोणते खातो ते. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांचे तीन गट केलेत, पहिला रोजच्या वापराचा, दुसरा जपून वापरायचा, तिसरा अगदी शेवटी राखून ठेवायचा. 2019 च्या आपल्या खाजगी बाजारातल्या विक्रीचा अभ्यास झाला होता, त्यात जवळजवळ 55 टक्के वापर त्या जपून वापरायच्या गटातला निघाला. सगळ्यात जास्त खपणारी गोळी कोणती, तर 500 ची अझिथ्रोमायसिन, आणि दुसऱ्या नंबरावर 200 ची सेफिक्झिम. माझीच. म्हणजे साध्या दाराला आपण थेट तिजोरीचं कुलूप लावून बसलोय, आणि चोरांना ते रोज हाताळायला देऊन त्याची चावी बनवायचा सराव करून देतोय.

आता त्या कोर्सबद्दल. ‘बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य मी स्वतः हजार वेळा बोललोय. 2017 मध्ये ब्रिटनच्या काही डॉक्टरांनी बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की बाबांनो, याला फारसा पुरावाच नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतलं की अंगातल्या बाकीच्या जंतूंना शिकायला जास्त वेळ मिळतो, आणि बऱ्याच साध्या इन्फेक्शनमध्ये कमी दिवसांचा कोर्स तितकाच चालतो. टीबी सोडून, टीबीत मधेच सोडलं तर खेळ खलास, ते वेगळं आहे. आता याचा अर्थ उद्यापासून मनाने गोळ्या बंद करा असा कुणी घेऊ नका, किती दिवस ते डॉक्टरनेच सांगायचं. माझं म्हणणं इतकंच की ज्या एका वाक्यावर आपली सगळी जनजागृती उभी आहे ते वाक्य स्वतःच लंगडं आहे. मुळात ज्या तापाला गोळीची गरजच नव्हती त्याचा कोर्स पूर्ण केला तर पुण्य लागतं का? पाच चुकीच्या गोळ्यांपेक्षा तीन चुकीच्या गोळ्या बऱ्या.

टायफॉईडचं तर इंदूरात वेगळंच प्रकरण आहे. माझ्या मेव्हण्याच्या मुलाला दर वर्षी टायफॉईड ‘निघतो’. पहिलीपासून बारावीपर्यंत किती वेळा निघाला याची मोजदाद त्याच्या आईलाही नाही. होतं काय, तर ताप आला की कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये विडाल टेस्ट करतात. ही टेस्ट 1896 सालची आहे, बरं का, आगगाडी कोळशावर चालायची तेव्हाची. तिच्यात जंतू दिसत नाही, तुमच्या रक्तातल्या अँटिबॉडी दिसतात, आणि आपल्यासारख्या ठिकाणी जिथे प्रत्येकाचा कधी ना कधी त्या जंतूशी संबंध आलेला असतो तिथे ती कधीही पॉझिटिव येऊ शकते. पक्कं निदान हवं तर ब्लड कल्चर, तेही गोळी सुरू करायच्या आधी. पण ब्लड कल्चर महाग, दोन-तीन दिवस लागतात, आणि बाटलीत रक्त जास्त घ्यावं लागतं म्हणून आयाच नको म्हणतात. विडाल स्वस्त, संध्याकाळी रिपोर्ट. मग डॉक्टर काय करणार? संध्याकाळी साठ पेशंट, एकेकाला तीन मिनिटं, समोर आई बसलेली आणि तिला उद्या पोराची परीक्षा आहे. डॉक्टरने ‘व्हायरल आहे, थांबू या’ म्हटलं की ती बाई पलीकडच्या डॉक्टरकडे जाते आणि तो लिहून देतो. मी कॉलसाठी बाहेर बाकड्यावर बसून हे किती वेळा ऐकलंय. डॉक्टर काही राक्षस नव्हते, बरेचसे भले होते, फक्त पेशंट टिकवायचे होते त्यांना.

आणि टायफॉईडवर लस आहे हो. चांगली, एका डोसची, भारतातच बनलेली, जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने स्वतः पुढाकार घेऊन लाखाहून जास्त मुलांना ती दिली. जी महापालिका घरोघर पोचायचं तंत्र देशाला शिकवते त्या आपल्या इंदूरच्या महापालिकेला हे जड आहे का?

महापालिकेचं निघालंच आहे तर पाण्याबद्दल बोलू या. मला माझ्या शहराचा अभिमान आहे, 2017 पासून स्वच्छतेत आपण पहिले, कुणी नातेवाईक महाराष्ट्रातून आला की मी पण त्याला सराफ्यात नेतो आणि म्हणतो बघ, रात्री एकला पण कागदाचा कपटा नाही. पण डिसेंबर 2025 च्या शेवटी भागीरथपुऱ्यात पिण्याच्या लाइनीत ड्रेनेज मिसळलं, शेकडो माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली, काही गेली. वरचा रस्ता चकचकीत आणि खालची पाइपलाइन फुटकी. नर्मदेचं पाणी 70 किलोमीटरवरून वर चढवून आणतो आपण, त्याचं केवढं कौतुक, पण नळ एक दिवसाआड येतो. नळ बंद असतो तेव्हा पाइपात प्रेशर नसतं, आणि प्रेशर नसलं की जिथे कुठे चीर असेल तिथून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. हे कुणाही प्लंबरला विचारा.

आता या पाण्याने जुलाब लागले की मेडिकलवर काय मिळतं? ऑफ्लोक्झासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी. अर्ध्या इंदूरला ती नावाने माहीत आहे, शाळेच्या पिकनिकला जाताना आई बॅगेत टाकते. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिकची गरजच नसते, पाणी-मीठ-साखर भरून काढलं की शरीर आपलं आपण निभावतं, लहान मुलांना सोबत झिंक. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून लोकांना प्यायला दिलं आणि मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणलं. कॉलऱ्यात! आणि आपण पाणीपुरी बाधली तर दोन-दोन अँटिबायोटिकचं कॉम्बिनेशन खातो. रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर गाठायचा.

लॅन्सेटच्याच 2024 च्या एका लेखमालेत हिशेब मांडलाय. हॉस्पिटलात हात धुणं आणि निर्जंतुकीकरण नीट झालं, सगळ्यांना चांगलं पाणी आणि संडास मिळाले, आणि मुलांना लसी मिळाल्या, तर रेझिस्टन्सशी संबंधित साडेसात लाख मृत्यू दर वर्षी टळू शकतात. साडेसात लाख, आणि त्यात नवं औषध एकही नाही. नळ, साबण आणि लस. म्हणून मी म्हणतो की भागीरथपुऱ्याची पाइपलाइन हा अँटिबायोटिकचाच विषय आहे, इंजिनीअर लोकांनी हात झटकू नयेत.

‘पण शिस्त नको का? कायदे कडक करा, मेडिकलवाल्यांना आत टाका’ असं कुणी म्हणेल. आमच्या रविवारच्या पोहे-जिलबीच्या बैठकीत हे म्हणणारे तीन जण आहेत. कायदा आहे की. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे, त्यातली औषधं विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं ते लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. सेफिक्झिम त्यात आहे. अझिथ्रोमायसिन, देशात सगळ्यात जास्त खपणारं, त्या 2014 च्या यादीत नव्हतंच. आणि रजिस्टर कसं भरलं जातं ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलंय, महिनाअखेरीला एकाच पेनाने, एकाच अक्षरात, आठवतील त्या डॉक्टरांची नावं टाकून. उद्या खरंच डंडा चालवला तर काय होईल तेही बघा. शहरात आपण चिठ्ठी आणू, पण खेड्यात जिथे डॉक्टरच नाही तिथे न्युमोनियाच्या पोराला अमॉक्सिसिलिन कोण देणार? ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यापर्यंत औषध न पोचणं ही आपली दुसरी, तेवढीच मोठी अडचण. 2019 चे आकडे घेऊन केलेला एक अभ्यास सांगतो की भारतात कार्बापेनेमलाही न बधणाऱ्या जंतूंच्या इन्फेक्शनवर योग्य औषध मिळालेले जेमतेम आठ टक्के होते. म्हणजे साध्या सर्दीला तोफा, आणि खऱ्या लढाईत बंदूक पण नाही.

इंदूरने स्वतः एक गोष्ट करून दाखवलीय आणि तीच आपण विसरतो. ओला कचरा-सुका कचरा वेगळा करा हे आपल्याला शाळेपासून सांगत होते. कुणी केलं? कुणीच नाही, मीही नाही. मग रोज सकाळी गाणं वाजवत गाडी दारात यायला लागली, तिला वेगवेगळे कप्पे, आणि एकत्र दिलं तर हेल्पर डबा परत हातात ठेवायचा, शेजाऱ्यांदेखत. दोन-तीन महिन्यांत अख्खं शहर सुधारलं. आपण एकाएकी सज्जन झालो म्हणून नाही, नीट वागणं सोपं झालं आणि वाकडं वागणं लाजिरवाणं झालं म्हणून.

कल्चरचं असंच का करू नये? प्रत्येक वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात सॅम्पल द्यायची सोय, तिथून रोज एक गाडी सगळी सॅम्पलं उचलून मोठ्या लॅबमध्ये नेईल, रिपोर्ट मोबाइलवर, फुकट किंवा पन्नास रुपयांत. कचरा रोज दारातून उचलता येतो तर लघवीची बाटली का नाही? आणि त्या रिपोर्टांवरून दर सहा महिन्यांनी शहराचा तक्ता काढायचा, इंदूरात सध्या युरीन इन्फेक्शनला काय चालतं आणि काय नाही, तो प्रत्येक छोट्या डॉक्टरच्या टेबलावर असायला हवा. अँटिबायोग्राम म्हणतात त्याला, मोठ्या हॉस्पिटलांकडे स्वतःचा असतो, पण तो त्यांच्या पेशंटचा, आपल्या मोहल्ल्याचा नाही. सुदामा नगरचा डॉक्टर अंदाजाने लिहितो, आणि अंदाज चुकू नये म्हणून भारी लिहितो.

केरळने बरंच केलंय. 2018 मध्ये राज्याचा आराखडा केला, पुढे चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर ऑपरेशन अमृत नावाने छापे, अँटिबायोटिक वेगळ्या निळ्या पाकिटात द्यायची पद्धत. छापे मलाही चालतील, पण केरळात गावोगावी सरकारी दवाखाना चालू असतो, हे आधी बघा. आणि गंमत अशी की केरळनंतर असा आराखडा करणारं दुसरं राज्य आपलं मध्य प्रदेश होतं, 2019 मध्ये. किती जणांनी ऐकलं होतं? मी तर औषधांच्या धंद्यात होतो, मलाही पत्ता नव्हता. छान छापलाय म्हणतात.

कारखान्यांचंही एकदा बोललं पाहिजे, कारण पेशंटला शिकवायला सगळे तयार आणि इथे मात्र आवाज बसतो. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कंपन्यांचं सांडपाणी प्रक्रिया होऊन जिथून बाहेर पडतं तिथे 2007 मध्ये स्वीडनच्या संशोधकांना सिप्रोफ्लोक्झासिन सापडलं होतं, पेशंटच्या रक्तात असतं त्याहून जास्त. नाल्यात! जंतूंसाठी ती शाळाच. जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने मसुदा काढला की कारखान्याच्या सांडपाण्यात कोणतं अँटिबायोटिक किती चालेल, 2021 मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. पीथमपूर आपल्यापासून तासाभरावर आहे, औषधांचे मोठमोठे कारखाने तिथे आहेत, मी कुणावर आरोप करत नाहीये, पण मोजमाप करा आणि आकडे जाहीर करा एवढं तर मागता येईल. सेव काढणाऱ्या पोराच्या तीन गोळ्यांचा हिशेब मागायचा आणि टनावारी बनवणाऱ्याचा नाही, हा कुठला न्याय.

मी धंदा सोडला तो काही या कारणाने नाही, टार्गेट झेपेना म्हणून सोडला. आता विम्याचं काम करतो. आईच्या रिपोर्टनंतर मात्र माळ्यावरचा जुना बॅगवाला खोका खाली काढला. त्यात एक्सपायर होऊन कितीतरी वर्षं झालेली सेफिक्झिमची सॅम्पल निघाली, दोन-तीनशे गोळ्या असतील, वर कंपनीचा ढगांचा आणि छत्रीचा फोटो. आई म्हणाली संडासात टाकून फ्लश कर. म्हटलं नको, तिथून ते कुठे जातं ते मला माहीत आहे. सकाळी गाडी आली, मी खोका पुढे केला आणि काय सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात हेल्पर पोराने आत डोकावून बघितलं, म्हणाला, ‘दवाई है ना अंकल, ये अलग में जाएगी,’ आणि बाजूला टांगलेल्या छोट्या डब्यात ओतली.